साठ लाखांची गाडी एकतीस लाखांत

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

सांगलीजवळच्या एका एमआयडीसीत स्वतःचं मशीन शॉप चालवणारे बेचाळीस वर्षांचे वाचक लिहितात: कॉलेजपासून एकच इच्छा आहे, दमदार इंजिनाची मोठी सेदान. आजवर डिझायरवर भागवलं. आता ३४ लाख बाजूला काढलेत, कर्ज घ्यायचं नाही. दोन गाड्या बघितल्या. पहिली पुण्यातल्या डीलरकडची २०१८ ची बीएमडब्ल्यू ५३०डी एम स्पोर्ट. दिल्ली पासिंग, दुसरा मालक, मीटरवर ४८,००० किलोमीटर, ३१ लाख. दुसरी २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. पुणे पासिंग, पहिला मालक, ३९,००० किलोमीटर, ३२ लाख. शॉपचा हिशेब पत्नी बघते. ती म्हणते, ‘एवढ्यात नवी कोरी स्कॉर्पिओ-एन येते आणि वर पैसे उरतात, हे जुनं लचांड कशाला?’ वडिलांना वाटतं, कामगारांच्या डोळ्यांवर येईल. आईचे गुडघे दुखतात आणि तिला दर महिन्याला पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं. बीएमडब्ल्यूवाल्यानं रविवारपर्यंत टोकन मागितलंय. ‘हे वेडच आहे, कळतंय मला. पण कोणती घेऊ, आणि बायकोला कसं समजावू?’

उत्तर:

नमस्कार.

‘हे वेडच आहे’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. ते आधी खोडून टाका. वीस वर्षं स्वतःचा धंदा उभा केला, कर्ज न काढता पैसे साठवले आणि त्यातून मनासारखी गाडी घ्यावीशी वाटली, यात वेड कसलं? चांगलं इंजिन कशाला म्हणतात हे कळणाऱ्या माणसाला ते आपल्या दारात असावं असं वाटणारच. गाडी घ्यावी की नाही हा माझ्या दृष्टीनं प्रश्नच नाही. कोणती, कितीला आणि काय बघून, एवढ्यावरच बोलू.

तुमचं एक गृहीतक मात्र मला पटलं नाही. तुम्ही लिहिलंय, ‘साठ लाखांची गाडी एकतीस लाखांत मिळतेय.’ ही ५ सिरीज २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा ५३०डी एम स्पोर्टची एक्स-शोरूम किंमत साठ लाखांच्या वर होती, हे खरं. आज ती निम्म्यावर आली, हेही खरं. पण किंमत निम्मी झाली ती गाडीची. तिच्या हेडलाइटची झाली नाही, ब्रेक डिस्कची झाली नाही, टायरची तर नाहीच. उद्या पुढचा एलईडी हेडलाइट फुटला तर त्याचं बिल साठ लाखांच्या गाडीचंच येणार. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे चार रनफ्लॅट टायर लाखाच्या आसपास जातात. साधी बॅटरी बदलायची म्हटली तरी ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, त्यामुळे चौकातल्या बॅटरीवाल्याकडून बसवून घेऊन भागत नाही.

या वर्गातल्या गाड्यांचे भाव एवढे का कोसळतात, हे नीट समजून घ्या, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. साठ लाख मोजणारा माणूस चार-पाच वर्षांत नवी गाडी घेतो, म्हणजे साधारण वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज संपतं त्या सुमारास तो बाहेर पडतो. पुढचा मोठा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, याचा अंदाज बाजाराला असतो आणि तो अंदाज आधीच किमतीतून वजा झालेला असतो. तुम्हाला मिळणारी सूट ही पुढच्या मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. ती जबाबदारी पेलायची तयारी असली तर सौदा उत्तम आहे. नसली तर स्वस्तातली गाडीही महाग पडते.

म्हणून या वर्गातली जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन: जेवढे पैसे आहेत त्यातले पंधरा ते वीस टक्के पहिल्या दीड-दोन वर्षांसाठी वेगळे ठेवा आणि ते नाहीतच असं समजा. तुमचं बजेट ३४ लाख आहे म्हणजे तुमची गाडी २८ लाखांची आहे, आणि तीही ट्रान्सफर, विमा, आरटीओचा कर सगळं धरून. या मापानं तुम्ही बघितलेल्या दोन्ही गाड्या आज बजेटच्या बाहेर आहेत. वाईट वाटेल, पण टोकन देण्याआधी वाटलेलं बरं.

आता तुमच्याच धंद्यातली गोष्ट. तुम्ही जुनी व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, घ्यायला जाता तेव्हा काय करता? रंगरंगोटीकडे बघतसुद्धा नाही. स्पिंडलला डायल लावून रनआउट, म्हणजे तो फिरताना किती डुलतो, ते बघता. बॅकलॅश, म्हणजे स्क्रूमधली ढिलाई बघता. कंट्रोलर कुठला, त्याचं कार्ड गेलं तर कोण देईल, किती दिवसांत देईल, हे विचारता. मग मशीन थंड असताना चालू करायला लावता आणि तासभर जॉब मारून माप घेता. मालकानं ‘रविवारपर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी उभी आहे’ म्हटलं तर तुम्ही हसून निघून येता. मग गाडीच्या बाबतीत एवढं हळवं का व्हायचं? तुमच्याकडे जी पारख आहे, ती पॉलिश केलेल्या गाड्या विकणाऱ्या बऱ्याच जणांकडेही नसते. ती वापरा.

आधी ५३०डीकडे वळू. यंत्र म्हणून ती खरोखरच अफाट गाडी आहे. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, २६५ हॉर्सपॉवर, ६२० न्यूटन मीटर टॉर्क, शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हा टॉर्क दोन हजार आरपीएमलाच हाताशी येतो. दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून बाहेर पडताना त्याची किंमत कळते. सोबतचा झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्सही नावाजलेला आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मुळात टिकाऊ.

पण टिकाऊ म्हणजे आधी कोणी कसंही वापरलं असलं तरी चालेल, असं नव्हे. या इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे मागे आहे. तिला हात घालायचा तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीच डोळे पांढरे करते. चेनचं आयुष्य तेलावर अवलंबून. तेव्हा तेल कधी-कधी बदललं, कुठल्या ग्रेडचं घातलं, याच्या पावत्या हव्यातच. गिअरबॉक्सच्या तेलाला बीएमडब्ल्यू ‘आयुष्यभराचं’ म्हणते. बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ते बदलायला सांगते. तुम्ही झेडएफचं ऐका. २०१८ मध्ये ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर इंजिनात परत पाठवणाऱ्या यंत्रणेच्या, कूलरमधून गळती होऊन आग लागण्याचा धोका दिसल्यामुळे बीएमडब्ल्यूनं जगभर लाखो डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीच्या चेसिस नंबरवर असं काही काम बाकी आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. नंबर पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरूनच वाचता येतो.

या पिढीच्या ५ सिरीजला कागदी सर्व्हिस बुक नाही. नोंदी गाडीच्या स्क्रीनवर आणि कंपनीच्या सिस्टीममध्ये असतात. डीलरनं ‘सगळी शोरूम मेंटेन’ म्हटलं तर त्याला म्हणा, मग मालकाच्या संमतीनं हिस्टरीची प्रिंट काढून द्या. टाळाटाळ झाली तर तिथेच विषय संपवा.

मीटरचं म्हणाल तर ४८,००० हा आकडा मला खोटा वाटतो असं नाही, पण खराही वाटत नाही. तो पडताळायला हवा. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो: २२१९ म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. अट्ठेचाळीस हजारांवर टायरचा तिसरा सेट कसा काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ब्रेक डिस्कच्या कडेवर नख फिरवून बघा, किती धार आलीय ते. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, स्टीअरिंगचं कातडं, ब्रेक पेडलचं रबर हे सगळे साक्षीदार आहेत. बीएमडब्ल्यूमध्ये किलोमीटरची नोंद एकाच जागी नसते, अनेक मॉड्यूलमध्ये असते. कंपनीचा डायग्नॉस्टिक लावला की मीटर पाडलेला असल्यास बहुतेक वेळा आकडे जुळत नाहीत. उलट मीटर खरा असला तर दुसरा मुद्दा येतो. सात-आठ वर्षांत एवढीच चाललेली डिझेल गाडी बराच काळ उभी राहिलीय आणि शहरात छोट्या फेऱ्या मारत राहिलीय. रबरं कडक झालेली असणार, टायर वयानं संपलेले असणार. कमी किलोमीटर म्हणजे कमी खर्च, हे समीकरण या गाड्यांना लागू पडत नाही.

पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल सांगलीच्या माणसाला मी काय सांगावं! २०१९ आणि २०२१ चा महापूर तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. पण दिल्ली, चेन्नई, मुंबई, बेंगळुरूतही दर काही वर्षांनी गाड्या बुडतात. विमा कंपनीनं टोटल लॉस ठरवून लिलावात काढलेल्या महागड्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. ओळखायचं कसं? चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पार रीळ रिकामं होईपर्यंत. पट्ट्याचा आतला हातभर भाग एरवी कोणी बाहेर काढत नाही, म्हणून धुणाऱ्याचाही हात तिथे पोचत नाही. तिथे मातकट रेघ दिसली, कुबट वास आला किंवा पट्टा कडक लागला तर गाडी बुडालेली असण्याची दाट शक्यता आहे. मग पुढची सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट टॉर्चनं बघा, गंज असू नये. डिकीतला तळ उचला. ५ सिरीजची बॅटरी डिकीत असते, तिच्याभोवतीच्या खोबणीत गाळाचा थर बसतो. आणि पट्टा आठ वर्षांच्या गाडीत करकरीत नवा दिसला तर तो का बदलला, हेही विचारा. एअरबॅग उघडलेल्या अपघातानंतरही पट्टे बदलावे लागतात.

दिल्ली पासिंगचा मुद्दा वेगळा. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादानं बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली आणि २०२५ मध्ये ती बरीच सैल केली. या भीतीनं तिथल्या डिझेल गाड्या वर्षानुवर्षं स्वस्तात बाहेर पडत आल्या. गाडीत दोष असतोच असं नाही. पण तुम्हाला दिसणारी किंमत अपुरी आहे. बाहेरच्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला मूळ दर पंधरा टक्क्यांच्या घरात, गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी ही रक्कम काही लाखांत जाते. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण ते पैसे आज हिशेबात धरू नका. तर ३१ लाखांची गाडी एमएच-१० होईपर्यंत कितीला पडेल, ते डीलरला नव्हे, सांगलीच्या आरटीओत जाऊन विचारा. मॉडेल, महिना आणि मूळ किंमत सांगितली की आकडा मिळतो.

कागदपत्रांत आणखी एक बघायचं. गाडी आज कोणाच्या नावावर आहे? बरेच डीलर मूळ मालकाच्या सह्या घेतलेले मालकी बदलण्याचे कोरे टीटी फॉर्म, म्हणजे २९ आणि ३०, कपाटात ठेवून गाडी विकतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घेण्याचा आणि गाडी आपल्याकडे आल्याचं आरटीओला कळवण्याचा नियम आहे. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणायचं. बँकेचा बोजा चढलेला असला तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. बाकी चलनं, विम्याची मुदत, मालकांची संख्या हे एम-परिवहन ॲपवर पाच मिनिटांत कळतं.

ऑक्टाव्हिया आरएस २४५ ची गोष्ट निराळी. २०२० मध्ये भारताच्या वाट्याला तिच्या फक्त २०० गाड्या आल्या. होमोलोगेशनशिवाय, म्हणजे इथल्या मान्यता-चाचण्या न करता, वर्षाला २,५०० गाड्या आणायची सवलत सरकारनं दिली होती, त्यातून पूर्ण तयार अवस्थेत, ३५.९९ लाख एक्स-शोरूमला. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २४५ हॉर्सपॉवर, ३७० न्यूटन मीटर. पाच-सहा वर्षांनीही मालक ३२ लाख मागतोय यावरूनच कळतं की ही गाडी घसाऱ्याच्या नेहमीच्या उतरणीवर नाही. तिला शोधत फिरणारे लोक आहेत. उद्या तुम्हालाही ती विकणं सोपं जाईल.

तिच्यात काय बघायचं? तिचा गिअरबॉक्स डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. डीएसजी म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, पण बदनाम झाला तो कोरड्या क्लचचा सात गिअरचा बॉक्स. हा ओल्या क्लचचा आहे, वेगळा आहे. त्याचं तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलल्याची पावती बघा. या इंजिनाचं नेहमीचं दुखणं म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, तिथून कूलंट झिरपतं. बॉनेट उघडून खाली टॉर्च मारा, वाळलेले गुलाबी डाग दिसतात का बघा. सगळ्यात महत्त्वाचं, अशा गाड्या हौशी लोक घेतात आणि हौशी लोक ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त ताकदीसाठी रीमॅप करतात. विकताना तो पुन्हा मूळ स्थितीत आणतात. रीमॅप म्हणजे गुन्हा नव्हे, पण क्लच, टर्बो, गिअरबॉक्स यांनी किती ताण सोसलाय हे तुम्हाला कळायला हवं. मालकाला सरळ विचारा. भेटल्यावर दहा मिनिटांत माणूस कळतो. मूळ एअर फिल्टर बॉक्स आणि एक्झॉस्ट जागेवर आहेत का, पाने लावल्याच्या खुणा आहेत का, हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही.

इंजिनाचे बरेच भाग सुपर्ब, कोडियाकशी मिळतेजुळते असल्यानं मिळतात. पण बंपर, ब्रेक, चाकं यांच्यासाठी थांबावं लागू शकतं. एक ठोकर लागली तर गाडी किती आठवडे गॅरेजमध्ये उभी राहील, याची तयारी ठेवा. २०२० ची ही गाडी ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येण्याआधीची आहे. मालकाच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा किती लिहिलीय ते वाचा आणि ९५ ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्या रोजच्या पंपावर मिळतं का, तेही बघा.

आणि आई. तुमच्या पत्रात आईच्या गुडघ्यांचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो, माझ्या मते तो पहिल्या पानावर यायला हवा होता. या दोन्ही गाड्या बसायला खाली आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात बसणं एकवेळ जमतं, उठणं जमत नाही. पुण्याला चार तास प्रवास करून दवाखान्याच्या दारात उतरताना दोन माणसांचा आधार घ्यावा लागला, तर गाडी कितीही देखणी असो, आई पुढच्या महिन्यात बसनं जाते म्हणेल. ट्रायलला आईला न्या. पुढच्या सीटवर बसवा, मागच्याही. तीन वेळा चढू-उतरू द्या. शक्य असलं तर खराब रस्त्यावरून दहा किलोमीटर फिरवा, कारण आरएसचं सस्पेन्शन कडक आहे. एम स्पोर्टवरचे रनफ्लॅट टायर कडेनं ताठ असल्यानं तीही खड्डा जाणवून देते. तुमच्या गल्लीतल्या आणि एमआयडीसीच्या आतल्या स्पीडब्रेकरवर चेंबर लागतं का, तेही चार माणसं बसवून बघा. रनफ्लॅट पंक्चर झाला तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. सांगली ते पुणे दोनशे तीस किलोमीटरच्या आसपास आहे, मधल्या गावात त्या मापाचा टायर रात्री मिळणार नाही.

आता पत्नीबद्दल. ‘बायकोला कसं समजावू’ असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, समजावण्यासारखं तिच्याकडे काही शिल्लकच नाही, तिला समजलेलं आहे. शॉपचा हिशेब ती बघते. कोणाचं पेमेंट नव्वद दिवस अडकलंय, कच्च्या मालाचा भाव कधी वाढला, कुठल्या महिन्यात पगाराला ओढाताण झाली, हे तिला तुमच्यापेक्षा नेमकं ठाऊक असणार. ती ‘लचांड’ म्हणते तेव्हा तिला गाडीचा राग नाही. अनपेक्षित दोन-तीन लाखांचं बिल नेमकं मंदीच्या महिन्यात आलं तर ते कुठून भरायचं, हा तिचा प्रश्न आहे, आणि ‘बघू तेव्हा’ हे त्याला उत्तर होत नाही. तेव्हा पटवायला जाऊ नका. कागद घेऊन तिच्यासमोर बसा. गाडीची किंमत, आरटीओ, विमा, पहिल्या वर्षीचे टायर आणि सर्व्हिस, वेगळी ठेवलेली रक्कम, पाच वर्षांनी विकून काय येईल याचा कमीत कमी अंदाज. शेजारच्या रकान्यात स्कॉर्पिओ-एनचंही तसंच मांडा, तिचाही घसारा धरा. आकडे तिला लिहू द्या. तिनं ‘हे झेपेल’ म्हटलं तर ती परवानगी नसेल, तो हिशेब असेल. आणि ‘अजून एक वर्ष थांबू’ म्हटलं तर त्याला नकार समजू नका.

स्कॉर्पिओ-एनला तुम्ही पत्रात फार लवकर निकालात काढलंय. उंच बसणं, आपले रस्ते, गावोगावी सर्व्हिस, वॉरंटी, या चारही बाबतीत ती तुमच्या दोन्ही गाड्यांना मागे टाकते. तुमचं मन त्यात नाही हे मला दिसतंय आणि मन नसलेली गाडी घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण ती नाकारायची तर बरोबर कारणासाठी नाकारा.

वडिलांच्या भीतीवर थोडक्यात. पगार आणि बोनस वेळेवर मिळत असेल तर मालकानं कोणती गाडी घेतली यावर कामगार फार काळ बोलत नाहीत. यंदाची पगारवाढ बाकी असेल तर ती आधी देऊन टाका, मग गाडी आणा.

माझं स्वतःचं मत स्पष्ट सांगतो. दिल्लीची ५३०डी, या किमतीत आणि या घाईत, सोडून द्या. तीच गाडी हवी असेल तर महाराष्ट्र पासिंग, पहिला मालक आणि पूर्ण हिस्टरी असलेली शोधा. बीएमडब्ल्यूच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या विभागातही बघा. तिथे भाव चढा असतो, पण तपासणी आणि वॉरंटी मिळते, आणि तुमच्यासारख्या शोरूमपासून लांब राहणाऱ्याला वॉरंटीचं मोल जास्त आहे. आरएस २४५ या दोघींत उजवी, पण आईची ट्रायल झाल्यावर आणि मालक किमतीत खाली आला तरच.

या दोघींपलीकडेही एक गाडी बघून या, २०२० नंतरची स्कोडा सुपर्ब, दोन लिटर पेट्रोल. १९० हॉर्सपॉवरच आहे, आरएसइतकी चपळ नाही. पण मागे पाय पसरून बसता येतं, दरवाजे मोठे उघडतात, ६२५ लिटरची डिकी आहे आणि तुमच्या २८ लाखांच्या आत चांगली गाडी मिळायला वाव आहे. इस्टेट गाड्या, म्हणजे छत मागेपर्यंत नेऊन डिकी मोठी केलेल्या सेदान, आपल्याकडे कधी रुजल्याच नाहीत. ज्याला वेगही हवा आणि सामानाला जागाही, त्याच्यासाठी मागचं दार काचेसकट वर उघडणाऱ्या ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब याच त्यातल्या त्यात जवळच्या. वेगाचं म्हणाल तर पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर कारला मर्यादा १०० ची आहे, घाटात त्याहून कमी, आणि समृद्धीवर १२० ची. सुपर्ब यातलं सगळं आरामात करते. जास्तीची ताकद तुम्हाला ओव्हरटेकला लागणार आहे आणि तेवढी तिच्यात आहे. दोन्ही चालवून बघा. सुपर्ब चालवल्यावरही आरएसच मनात राहिली, तर वर्षभर थांबून वरचे चार-पाच लाख साठवा आणि तीच घ्या.

गाडी कोणतीही ठरो, टोकनच्या आधी ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा त्याच कंपनीच्या गाड्या करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजमध्ये स्वतःच्या खर्चानं तपासून घ्या. तपासणीला जाताना इंजिन रात्रभर थंड असावं, असं डीलरला आधीच बजावा. आपण पोचायच्या आत ‘जरा गरम करून ठेवलीय’ असं झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पैसे बँकेतूनच द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की गाडी पाण्यात बुडालेली, मोठा अपघात झालेली किंवा मीटर पाडलेली निघाली तर पूर्ण रक्कम परत. लिहून द्यायला तयार नसलेला डीलर तुम्हाला न लिहिताच उत्तर देतोय.

नावावर झाल्यावर चौदा दिवसांत विम्याच्या ट्रान्सफरसाठी अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, प्रीमियम वाढीव धरा. भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं झीरो डेप कव्हर बऱ्याच कंपन्या पाच, फार तर सात वर्षांपर्यंत देतात, म्हणून गाडीच्या वयाप्रमाणे आधीच कोटेशन मागवा. इंजिन प्रोटेक्शन मात्र घ्याच, तुमच्या भागात कृष्णा-वारणेला पाणी चढतं तेव्हा त्याचाच आधार असतो.

पहिल्या महिन्यात इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, कूलंट, सगळी द्रवं आणि फिल्टर एकदा बदलून घ्या, आधीचा मालक काहीही सांगो. त्या दिवसाच्या किलोमीटरसकट पावती फायलीला लावा आणि पुढची प्रत्येक पावती तिथेच जाऊ द्या. पाच वर्षांनी तुमच्याकडे गाडी बघायला येणारा, जाणता असला तर, बॉनेट उघडण्याआधी तीच फाइल मागेल.